सैतान स्वरात की कानात?

एखादी कलाकृती न वाचता, न पाहता किंवा न ऐकता तिच्यावर निकाल देण्याची विद्या आमच्या सुशिक्षित वर्गाने फार पूर्वी हस्तगत केली आहे. कादंबरी हे मुलींना बिघडविणारे व्यसन आहे, नाटकाचा धंदा कुलीनांस शोभत नाही, चित्रपट म्हणजे डोळ्यांचा आणि बुद्धीचा एकदमच नाश, हे सारे निकाल ह्याच न्यायासनावरून दिले गेले आणि कालांतराने मुकाट्याने मागे घेतले गेले. मागे घेताना कोणी क्षमा मागितल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. हल्ली ह्या न्यायासनापुढे पाश्चात्त्य रॉक संगीत, आणि त्यातही भूतपिशाच, चेटूक व सैतान ह्यांचा ज्यात संचार आहे असे रॉक संगीत, आरोपी म्हणून उभे आहे.

आमचे एक स्नेही परवा आपल्या कॉलेजात जाणाऱ्या चिरंजीवांस घेऊन आमच्याकडे आले. चिरंजीवांच्या अंगातील सदऱ्यावर 'ब्लॅक सॅबथ' ही अक्षरे होती. स्नेही म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हे सैतानाचे संगीत. मुलाने ते ऐकावे काय, तुम्हीच सांगा." आम्ही विचारले, "आपण ते ऐकले आहे काय?" "छे! ऐकायचे कशाला? नावच पुरे आहे." तेव्हा आम्ही मुलाकडे वळलो. तो म्हणाला, "काका, बाबांना काही ठाऊक नाही. पण खरे सांगायचे तर ह्यांचा पहिलाच अल्बम खरा. त्यातला काळोख दुसऱ्यात राहिला नाही. गाणे रेडिओवर वाजले, लोकप्रिय झाले, तेथेच सारे आटोपले."

पिता-पुत्रांचे जन्मात कधी एकमत होत नाही असे ते स्नेही नेहमी सांगतात. परंतु ह्या एका बाबतीत त्या दोघांचे पूर्ण एकमत आहे, हे त्या दोघांच्याही ध्यानात आले नाही. सैतान हेच ह्या संगीताचे सर्वस्व, असे दोघेही मानतात. एक त्यापायी त्याचा धिक्कार करतो आणि दुसरा त्यापायीच त्याचा गौरव करतो. आमचा वाद ह्या दोन्ही पक्षांशी आहे.

प्रथम हकीकत. हा बँड इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहराच्या ॲस्टन ह्या कामकरी वस्तीतला. टोनी आयोमी, गीझर बटलर, बिल वॉर्ड आणि ऑझी ऑस्बोर्न हे चौघे १९४८-४९ च्या दरम्यान जन्मलेले, म्हणजे महायुद्धातील बॉम्बवर्षावाच्या खुणा अंगावर वागविणाऱ्या शहरात वाढलेले. ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात कामास होता. आयोमी पत्रे कापण्याच्या कारखान्यात मजुरी करी; वयाच्या १७ व्या वर्षी तेथील यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा वादक असल्यामुळे तारा दाबण्याचे काम नेमके त्याच बोटांचे. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, त्यांवर चामडे चढविले, गिटारला हलक्या तारा लावल्या आणि वादन पुन्हा आरंभिले. ज्या जड, घणाघाती नादास आज जग 'हेवी मेटल' म्हणते त्याच्या मुळाशी ही जखम आहे. सैतानाशी झालेला एखादा करार शोधणाऱ्यांनी आधी त्या कारखान्यातील यंत्राकडे पाहावे.

नावाची कथाही अशीच साधी आहे. मारिओ बाव्हा ह्या इटालियन दिग्दर्शकाचा १९६३ चा एक भयपट 'ब्लॅक सॅबथ' ह्या नावाने इंग्रजीत दाखविला जात असे. भिण्यासाठी लोक पैसे मोजून रांगा लावतात, तर मग तीच भीती संगीतातून का देऊ नये, असा विचार ह्या मंडळींनी केला आणि १९६९ साली चित्रपटाचे नाव आपल्या बँडास दिले. ह्यात पाखंड ते कोणते? भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले त्यांत भयानक आणि बीभत्स हे दोन आहेतच. भय हा स्थायीभाव आहे, विकार नव्हे. आमच्या विदर्भातील पद्मपूरचा भवभूती 'मालतीमाधवा'च्या पाचव्या अंकात नायकास स्मशानात नेतो, पिशाचांस मांस विकावयास लावतो आणि चामुंडेपुढे नायिकेचा बळी देऊ पाहणारा अघोरघंट रंगभूमीवर उभा करतो. ह्यावरून भवभूतीस कोणी अघोरपंथी ठरविले नाही. त्याचे नाटक आम्ही विद्यापीठात शिकवितो. मग बर्मिंगहॅमच्या चार मजुरांच्या पोरांस मात्र वेगळा न्याय का?

आता त्या कुप्रसिद्ध स्वराविषयी. पहिल्या अल्बमाचे आणि बँडाचे नाव धारण करणारे जे गाणे आहे, त्याची सगळी इमारत तीन स्वरांवर उभी आहे. आमच्या परिभाषेत सांगायचे तर मंद लयीत आधी षड्ज, मग तार षड्ज आणि तेथून खाली येऊन तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम ह्यांतील अंतरास युरोपीय ग्रंथकारांनी 'संगीतातील सैतान' असे लॅटिन नाव दिले. मध्ययुगात चर्चने ह्या स्वरांतरावर बंदी घातली होती ही कथा पुष्कळांच्या तोंडी असते. परंतु तशा बंदीस पुरावा नाही, आणि ते नावही अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथांत ठळकपणे आढळते. आम्हांस येथे एवढेच विचारावयाचे आहे की, आमच्या घराघरांतून संगीत शिकणाऱ्या मुलांस आरंभी जे राग शिकवितात त्यांत यमन असतो. त्या यमनात तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर तीव्र मध्यम लागतो, तेव्हा सैतान प्रकट होतो काय? सूर्यास्ताच्या वेळी मारवा गाताना तोच तीव्र मध्यम कोमल ऋषभाच्या सोबतीने येतो आणि मन व्याकुळ होते. परंतु ती व्याकुळता आम्ही पाप मानली नाही. आयोमीने हा स्वर उघडा ठेवला, संथ केला, प्रचंड आवाजात लावला आणि त्यातून भय निर्माण केले, हे त्याचे कर्तृत्व. स्वर मात्र निरपराध आहे. सैतान असलाच तर तो ऐकणाऱ्याच्या कानात आहे.

ह्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, हा स्वरसमूह त्या मंडळींस कोठे सापडला? बटलर आपल्या बास गिटारवर गुस्ताव्ह होल्स्ट ह्या इंग्रज संगीतकाराच्या 'द प्लॅनेट्स' ह्या रचनेतील मंगळाचा भाग वाजवीत असे. त्यातून आयोमीस ही कल्पना सुचली. होल्स्टचा मंगळ हा युद्धाचा देव आहे आणि तो भाग १९१४ साली रचलेला आहे. म्हणजे ज्याला जग सैतानाचा स्वर म्हणून भ्याले तो मुळात रणभूमीवरून आलेला होता. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, कारण दुसऱ्या अल्बमाचे रहस्य ह्यातच आहे.

पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, निघाला. त्याचे मुद्रण जवळजवळ एका दिवसात उरकलेले होते. आरंभी पाऊस, मेघगर्जना, दूरची घंटा आणि मग ते तीन स्वर. हा आरंभ अविस्मरणीय आहे हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो. परंतु पुढे काय? त्यातील 'ईव्हिल वूमन' आणि दहा मिनिटांहून अधिक चालणारे 'वॉर्निंग' ही दोन्ही गाणी दुसऱ्यांची आहेत. अमेरिकन निग्रोंच्या ब्लूज संगीताचा उसना पेहराव जागोजागी दिसतो; 'द विझर्ड' मधील बाजाही त्याच घराण्यातला. म्हणजे भय नवे, परंतु भाषा बरीचशी जुनी. पुत्रपक्षास जो 'खरा काळोख' वाटतो त्याचा बराच भाग दुसऱ्याच्या दिव्याची सावली आहे.

आणि त्या काळोखात पूजा तरी कोणाची चालली आहे? शीर्षकगीतातील निवेदक काळ्या आकृतीस पाहून गर्भगळीत होतो आणि देवाचा धावा करतो. बटलर कॅथलिक कुटुंबात वाढलेला. ऑस्बोर्नच्या वडिलांनी घडविलेले क्रूस ही मंडळी गळ्यात घालीत. अल्बमाच्या आतील बाजूस जो उलटा क्रूस छापला गेला तो कंपनीने छापला, बँडास त्याची कल्पनाही नव्हती. सैतान विकला जातो हे मंडळींच्या आधी व्यापाऱ्यांनी ओळखले. तेव्हा पितृपक्षास निषेधच करावयाचा असेल तर तो बाजाराचा करावा.

अवघ्या सात महिन्यांनी, सप्टेंबर १९७० मध्ये, दुसरा अल्बम आला: 'पॅरनॉइड'. गाणी आठ, आणि आठही स्वतःची. पहिले गाणे 'वॉर पिग्ज'. त्याचे मूळ नाव 'वालपुर्गिस' होते. जर्मन लोककथेप्रमाणे एप्रिलच्या अखेरच्या रात्री चेटकिणींचा मेळा भरतो, त्याचे हे नाव. गटेच्या 'फाउस्ट'मुळे ते इंग्रजी शिकलेल्यांस परिचित आहे. कंपनीस ते नाव फारच सैतानी वाटले आणि ते बदलले गेले. परंतु बदल केवळ नावाचा नव्हता. प्रसिद्ध झालेल्या गाण्यात चेटकिणी उपमेपुरत्या उरतात. खरे कारस्थान रचणारे आहेत ते सेनापती आणि राजकारणी, जे स्वतः घरात बसून गरिबांच्या पोरांस मरावयास धाडतात. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा पेटलेले होते आणि ते १९७५ पर्यंत संपावयाचे नव्हते. गाण्याच्या शेवटी न्यायाचा दिवस उगवतो, हे सत्ताधीश गुडघ्यांवर सरपटत दयेची याचना करतात आणि सैतान हसतो. येथे सैतान उपास्य नाही. तो पाप्यांचा ताबा घेणारा यमदूत आहे. एखाद्या कीर्तनकाराने याहून निराळे काय सांगितले असते?

हाच प्रवास स्पेनच्या गोयाने केला होता. त्याने १७९८ साली चेटकिणींचा मेळा रंगविला आणि १८१० पासून पुढे युद्धाच्या भीषणतेची चित्रमालिका कोरली. ती मालिका पाहिल्यानंतर चेटकिणींचे चित्र बालकथेसारखे वाटू लागते. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' मध्येही चेटकिणी भेटतात त्या लढाईच्या मैदानालगत. माणसाने माणसाची केलेली हत्या जेव्हा सरळ शब्दांत सांगवत नाही, तेव्हा कवी चेटकिणींस बोलावतो. ब्लॅक सॅबथने त्यांस पहिल्या अल्बमात बोलाविले आणि दुसऱ्यात त्यांचे मुखवटे उतरविले. आत ओळखीची माणसे होती.

नादातील फरकही ह्या आशयास धरूनच झाला आहे. 'वॉर पिग्ज'चा आरंभ संथ आणि जड. त्यावर हवाई हल्ल्याचा भोंगा रडतो. मग सारे वाद्यरव थांबतात. दोन आघात, मध्ये झांजेची बारीक टिकटिक आणि त्या पोकळीत एकटा मानवी आवाज. पहिल्या अल्बमात जेथे वादक जागा भरून काढीत तेथे आता ते जागा सोडावयास शिकले आहेत. 'इलेक्ट्रिक फ्यूनरल' अणुयुद्धानंतरच्या जगाविषयी आहे आणि त्यातील गिटारचा स्वर वितळलेल्या धातूसारखा लोंबतो. 'हँड ऑफ डूम' युद्धावरून हेरॉइनचे व्यसन घेऊन परतणाऱ्या सैनिकांविषयी. त्यात बास गिटारची कुजबुज, मग स्फोट, मग पुन्हा कुजबुज, असा व्यसनाचाच आलेख आहे. 'आयर्न मॅन' मधील नायक भविष्यातील विनाश पाहून सांगावयास येतो, पोलादाचा होतो, कोणी त्याचे ऐकत नाही, आणि अखेर तोच विनाश करतो. आणि ह्या सर्व गडगडाटात 'प्लॅनेट कॅरव्हॅन' हे शांत, जवळजवळ पुटपुटल्यासारखे गाणे. ऑस्बोर्नचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून पाण्याखालून आल्यासारखा येतो, वॉर्ड मोठे ड्रम सोडून हातांनी कोंगा वाजवितो. भयानकाच्या शेजारी शांत ठेवल्याने दोन्ही गडद होतात, हे सातच महिन्यांपूर्वी ह्या मंडळींस ठाऊक नव्हते.

आता पुत्रपक्षाचा मुख्य आक्षेप. 'पॅरनॉइड' हे शीर्षकगीत तीन मिनिटांहूनही लहान; अल्बमात थोडी जागा उरली म्हणून घाईने रचलेले; इंग्लंडच्या विक्रीयादीत ते चौथ्या क्रमांकावर गेले आणि अल्बम पहिल्या. ह्यावरून ही मंडळी विकली गेली असे अनुमान काढतात. हे तर्कशास्त्र आम्हांस उमगत नाही. लोकांस आवडलेले ते हीन असे मानावयाचे तर तुकोबांची गाथाही हीन ठरेल. त्या गाण्याचा विषय पाहा: मनाला आलेली खिन्नता, कशातही सुख न लागणे, आपणच आपल्यास परके होणे. ज्या वस्तीत अशा गोष्टी बोलावयाच्या नसतात, सोसावयाच्या असतात, तेथील तरुणाने १९७० साली हे उघड गायले आणि लाखो तरुणांनी ते आपले म्हणून ओळखले. पहिल्या अल्बमातील काळी आकृती बाहेर, समोर उभी होती. दुसऱ्यात ती आत शिरली आहे. काळोख कमी झाला म्हणणाऱ्यांनी पुन्हा एकदा ऐकावे.

उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही. 'वॉर पिग्ज'च्या पहिल्याच यमकात एकच शब्द दोनदा वापरला आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थ्यास त्याबद्दल आम्ही गुण दिले नसते. 'रॅट सॅलड' मध्ये ड्रमवाद्याचे कौशल्य आहे, सांगण्यासारखे काही नाही. आणि पितृपक्षास एक गोष्ट आम्ही मोकळ्या मनाने देऊन टाकतो: 'हँड ऑफ डूम' गाणारे हे चौघे पुढे स्वतः मादक द्रव्यांच्या आहारी गेले, आणि १९७१ च्या तिसऱ्या अल्बमात तर त्यांनी गांजाची स्तुती गायली. हा दोष लहान नाही. ज्या बापास आपल्या मुलाच्या बाबतीत ह्याची धास्ती वाटते त्यास आम्ही हसणार नाही. परंतु त्याच तिसऱ्या अल्बमात ईश्वराची उघड बाजू घेणारे 'आफ्टर फॉरेव्हर' हेही गाणे आहे. धास्ती व्यसनाची धरावी. सैतानाची धरून बसल्यास खरा धोका नजरेआड होतो.

टीकाकारांचे म्हणाल तर त्यांचा इतिहास बोधप्रद आहे. लेस्टर बँग्ज ह्या अमेरिकन समीक्षकाने १९७० साली 'रोलिंग स्टोन' मध्ये पहिल्या अल्बमाची संभावना तुच्छतेने केली. दोन वर्षांनी 'क्रीम' मासिकात त्यानेच विस्ताराने लिहून ह्या मंडळींस नीतीची चाड असलेले गीतकार ठरविले. मध्यंतरी काय घडले? त्याने ऐकले, एवढेच. मत बदलणे हा समीक्षकाचा कमीपणा नव्हे. न ऐकता ते टिकविणे हा होय. बर्मिंगहॅम शहरानेही आपले मत बदलले: २०२३ साली तेथील रॉयल बॅलेने ह्याच संगीतावर नृत्यनाट्य सादर केले, ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर ह्या चौघांनी अखेरचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैस ऑस्बोर्न वारला. सैतानाचा म्हणून ज्याला दारे बंद होती, त्याच्यासाठी अखेर सारे शहर रडले.

आमच्या स्नेह्यांस आम्ही एवढेच सांगितले की, चिरंजीवांच्या शेजारी बसून एकदा हा दुसरा अल्बम ऐका. ४२ मिनिटे लागतात. न आवडल्यास खुशाल न आवडो. ऐकून नावडणे हा प्रत्येकाचा अधिकार आहे. चिरंजीवांसही सांगितले की, ज्या कलावंतावर प्रेम आहे त्यास त्याच्या पहिल्या कृतीत कोंडून ठेवू नये. असे प्रेम तुरुंगाधिकाऱ्याचे असते. दोघांसही आमचे म्हणणे फारसे रुचले नसावे. परंतु आठ दिवसांनी स्नेह्यांचा फोन आला. म्हणाले, "अहो, ते पहिले गाणे युद्धाविषयी आहे, हे तुम्ही आधीच का नाही सांगितलेत?"

आम्ही सांगितले असते तर त्यांनी ते ऐकले नसते.